फटफटीवरून टेंभुर्णीच्या रानात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. दर वर्षी आजच्या दिवशी मी आत स्वयंपाकाच्या बाजूला असते. शिऱ्याचे पातेले आणि चहाचे कप हे माझे खाते. ह्या खेपेस चिटणीसबाई म्हणाल्या, "तू फटफटीवरून रानं फिरून आलीस ना, त्यावर बोल. आमच्यापैकी कुणी तसं गेलेलं नाही." मी म्हटले, मी सातवी शिकलेली, मला काय बोलता येणार? तर म्हणाल्या, "भिशी लागली तेव्हा गल्लीभर सांगत सुटली होतीस, तेव्हा बरं बोलता आलं!" ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून उभी आहे. मुलीच्या वहीत लिहून आणले आहे आणि तेच वाचते आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

भिशीचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरुवात करते, कारण सगळे त्या पैशातून झाले. २०२४ च्या मार्च महिन्यात मला आपल्या मंडळाची भिशी लागली, वीस हजारांची. ओट्याची फरशी फुटली आहे, ती बदलायची असे मी मनात धरले होते. त्याच सुमारास थोरला मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याची बुलेट दारात राहिली. आमचे हे चादरीच्या कारखान्यात जॉबर. पंचवीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेली, त्यामुळे ह्यांना कमी ऐकू येते. मात्र मी सांगितलेले ऐकू येत नाही ते कानांमुळे की मनामुळे, हे मला अजून उलगडलेले नाही. तर हे दर रविवारी ती फटफटी पुसायचे, चालू करायचे, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणायचे. एप्रिलमध्ये एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "ताडोब्याला जाऊ या का?" मी म्हटले, "हा कुठला देव?" हे हसले. तो देवच आहे हे तेव्हा ह्यांनाही ठाऊक नव्हते, ते पुढे सांगते.

माझे फिरणे म्हणजे तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, आणि एकदा बहिणीच्या मुलीच्या लग्नाला पुणे. तेही एस्. टी. ने. मे महिन्याच्या उन्हात, त्रेचाळीस वर्षांच्या बाईने, नवऱ्याच्या मागे फटफटीवर बसून चंद्रपूरपर्यंत जायचे ही कल्पनाच मला चमत्कारिक वाटली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "आता सून आणायचं वय झालं आणि हे काय?" मला वाटले सासूबाईही तेच म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "मी तुळजापूरच्या पुढं गेले नाही. तू जाऊन ये. मी आणि नात घर बघतो." मग ओट्याची फरशी राहिली ती राहिलीच. अजून तशीच आहे.

तयारीचे थोडे सांगते, कारण पुष्कळ जणींनी तेच विचारले. साडी नेसून मागे बसले तर पदर चाकात जायची भीती, म्हणून मुलीचे दोन पंजाबी ड्रेस उसवून माझ्या मापाचे केले. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आपली कडक भाकरी ही प्रवासासाठीच जन्मली आहे असे मला वाटते. आठव्या दिवशीही ती जशीच्या तशी होती, आमचीच पाठ तेवढी मोडली होती. पाण्याच्या बाटल्यांना ओले फडके गुंडाळायचे, तोंडाला ओला पंचा बांधायचा, पहाटे चारला निघायचे, दहाच्या आत सावली गाठायची आणि मग पाच वाजेपर्यंत हलायचे नाही. ह्यांना ऐकू येत नाही म्हणून खुणा ठरवल्या. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे थांबा, डाव्या खांद्यावर म्हणजे हळू. पहिल्या दिवशी माझी डावी थाप इतकी पडली की तुळजापूरला हे म्हणाले, "हा खांदा आता उतरून ठेवतो."

तुळजापूरला पायरीवरूनच हात जोडले. तिथून यवतमाळपर्यंत आता मोठा रस्ता झाला आहे. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड अशी गावे एकामागून एक लागतात. औशाजवळ उजाडले. किल्लारीकडे फाटा जातो ती पाटी दिसली आणि मी आपोआप उजव्या खांद्यावर थाप मारली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सोलापुरातही भांडी खाली आली होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, वडील नुकतेच घरी येऊन आडवे झालेले. मी तेव्हा सातवीत होते. पाटीपाशी आम्ही पाच मिनिटे उभे राहिलो. ह्यांनी काही विचारले नाही आणि मीही काही बोलले नाही, पण सातवीची आठवण मनात घेऊनच मी पुन्हा गाडीवर बसले. त्या सातवीचे पुढे काय झाले ते आज मी तुम्हांला सांगणार आहे. थोडा धीर धरा.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहिलो. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली तिथे निर्वाण झाले, त्यामुळे पंजाबातून केवढे लोक येतात! लंगरमध्ये जेवलो आणि मग मला राहवेना, तासभर पोळ्या लाटायला बसले. एका पंजाबी आजीबाईंनी माझी पोळी उचलून सगळ्यांना दाखवली. फार पातळ लाटली म्हणून की चांगली लाटली म्हणून, ते मला भाषेमुळे कळले नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धापूरच्या केळीच्या बागा ओलांडल्या, हदगाव गेले, मग पैनगंगा आली. पलीकडे विदर्भ. नदीत पाणी असे नव्हतेच, नुसते डबके. उमरखेड, महागाव झाल्यावर, आर्णीच्या अलीकडे, साडेदहाच्या उन्हात मागचे चाक बसले. सावलीला एक बाभूळ नाही. हे चाक खोलू लागले आणि मी ह्यांच्या डोक्यावर चादर धरून उभी राहिले. आपली सोलापुरी चादर पांघरायला चांगली, अंथरायला चांगली, आणि उन्हात छत्री म्हणूनही चालते, हे कारखान्यात चाळीस वर्षे काढलेल्यांनाही ठाऊक नसेल. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी वर चढवून आर्णीपर्यंत सोडले. पैसे घेतले नाहीत. "सोलापूरचे? एवढ्या दूरून फटफटीवर?" असे म्हणून आमच्याकडे नव्हे, गाडीकडे कौतुकाने पाहत राहिला.

रात्र यवतमाळला. तिसऱ्या दिवशी करंजी, वणी, वरोरा. वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी, रस्त्यावर काळी धूळ, कपडे वाळत घातलेले दिसले तेही करडे. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात दुपार काढली. कुष्ठरोग्यांनी विणलेल्या सतरंज्या, चादरी ह्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. जॉबरचा डोळा! "काठ सरळ आहे," एवढेच म्हणाले. ह्यांच्या तोंडून ही मोठी शिफारस आहे. मग भद्रावती, चंद्रपूर, आणि संध्याकाळी मोहर्लीच्या अलीकडे एका लहान गावात, एका घरी उतरलो. ताडोब्याला येणाऱ्या लोकांना तिथे घरोघर खोली देतात. घरच्या बाई माझ्याच वयाच्या. मी त्यांना ताई म्हटले, त्या मला बाई म्हणू लागल्या.

भगिनींनो, वाघाचे पुढे सांगते. वाघ दिसला का, हा प्रश्न मला एवढ्या वेळा विचारला आहे की आधीच सांगून टाकते, दिसला. पण माझ्या प्रवासातली मोठी गोष्ट ती नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. ताई फडक्यात शिळा भात आणि मिरची बांधत होत्या. मी विचारले, "एवढ्या लवकर कुठं?" म्हणाल्या, "पानं तोडाले, जी." कसली पाने? तर तेंदूची. मे महिन्यात पंधरा-वीस दिवसच हा हंगाम असतो आणि त्यात घरातले सगळे, बाप्ये, बाया, पोरे, रानात जातात. मला एकदम छातीत धस्स झाले. मी म्हटले, मला ते झाड बघायचे आहे. ताई म्हणाल्या, रानात नको, वाघाचे भय आहे, तुम्ही गावाच्या कडेला बांधावर या, तिथेही झुडपे आहेत. हेही उठले. हातात विजेरी घेऊन आम्ही दोघे त्यांच्या मागे बांधापर्यंत गेलो.

मला वाटत होते, मोठे थोरले झाड असेल. तर गुडघाभर उंचीची झुडपे! मोठी झाडेही असतात, काळ्या भेगाळ सालीची. पण विडीला लागणारे कोवळे पान झुडपांनाच येते. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाला जुनी झुडपे छाटून ठेवतात, मग नवे फुटवे येतात. आधी तांबूस, मऊ, मग हिरवे. मी एक पान तोडले. हाताला लागताच मला त्याची ओळख पटली. पण ते हिरवे होते, ओले होते, जिवंत होते. तसे मी ते कधी पाहिले नव्हते.

आता सांगते. आपल्या मंडळात मला अठरा वर्षे झाली, पण हे मी कुणाला सांगितलेले नाही. मी लग्नाआधी सहा वर्षे विड्या वळत होते. माझी सातवीची परीक्षा १९९४ च्या उन्हाळ्यात झाली, आणि वडिलांची गिरणी बंद पडून त्यांना घरी बसावे लागले होते. आई आधीपासून विड्या करीत होती. जूनमध्ये माझ्या मैत्रिणी आठवीच्या वर्गात गेल्या आणि मी मांडीवर सूप घेऊन बसले. शेजारच्या तेलुगू अक्कांनी मला शिकवले. पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, टोक दुमडायचे. दिवसाला हजार. आई आणि मी मिळून कधी दीड हजार. संध्याकाळी ब्रँचमध्ये नेऊन द्यायच्या, तिथे तपासणारा मूठभर उचलून बाजूला टाकायचा, त्या छाटाच्या. त्याचे पैसे नाहीत. पान कमी पडले तर पदरच्या पैशाने आणायचे. पान भोकाचे, फाटके, जाड निघाले की आई त्या पाने तोडणाऱ्यांना शिव्या द्यायची. "हात झडले त्यांचे, बघून तोडायला काय होतं?" असे म्हणायची. तोडणारे कोण, कुठले, आम्हांला काही माहीत नव्हते. पान पोत्यातून यायचे, एवढेच माहीत.

माझे लग्न ठरले तेव्हा सासरच्यांनी एकच अट घातली, मुलगी पुढे विड्या वळणार नाही. आईला ती अट फार मानाची वाटली. मलाही वाटली. मग मी तो विषयच सोडून दिला. मुलांनाही सांगितले नाही. आपल्या सोलापुरात हजारो बायका हे काम करतात, त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला होता, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मला आज ठाऊक आहे. पण मंडळात शिकलेल्या बायका, कुणी मास्तरीण, कुणी डॉक्टरीणबाई. मी गप्प बसले ती बसलेच.

असो. तर दहाच्या सुमारास रानातली माणसे परत आली. फडक्यांचे मोठमोठे गाठोडे डोक्यावर. मग ओसरीवर सारे घर पुडे बांधायला बसले. सत्तर पानांचा एक पुडा. पाने एकसारखी लावायची, मोजायची, सालीच्या दोरीने बांधायची. संध्याकाळी फळीवर न्यायचे. फळी म्हणजे पाने मोजून घ्यायची जागा. तिथे उघड्यावर पुड्यांच्या रांगा उन्हात वाळत घालतात, उलटतात, मग थोडे पाणी शिंपडून पोत्यांत भरतात. एका पोत्यात हजार पुडे धरतात, म्हणजे सत्तर हजार पाने. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यापासून ह्या पानाचा व्यापार सरकारच्या हातात आहे, ठेकेदार लिलावात घेतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीकडच्या काही ग्रामसभा स्वतःच विकू लागल्या आहेत. हे सारे मला ताईंच्या मुलाने सांगितले. तो बारावी झाला आहे आणि पाने तोडतो.

मीही पुडे बांधायला बसले. रिकामी काय करू? बोलता बोलता माझे हात आपले आपणच पाने निवडू लागले. भोकाचे एकीकडे, जाड शिरांचे एकीकडे, चांगले एकीकडे. माझ्या ते ध्यानातही नव्हते. ताई थांबून बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुमाले कसं समजते जी हे?"

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे पायरीवर बसले होते. मग मी म्हटले, कात्री आणा. साचा नव्हता, अंदाजाने कापले. पान ओलेच होते, वाळलेले असते तसे वळेना, तरी वळले. तंबाखू नव्हती, म्हणून रिकामीच. शिवणाच्या रिळाचा दोरा बांधला. टोक दुमडले. आणि ती विडी मी ताईंच्या हातावर ठेवली.

भगिनींनो, ओसरीवर अशी हसाहस झाली म्हणता! शेजारच्या बायका बोलावल्या. पुन्हा करून दाखवा, पुन्हा करून दाखवा. त्या ताई लग्न होऊन आल्यापासून पाने तोडत आहेत, त्यांच्या सासूने जन्मभर तोडली, पण विडी वळताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. "आमाले वाटे, मशीनवर होते," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "आम्हांला वाटायचं, पान पोत्यातच उगवतं." म्हाताऱ्या सासूबाईंनी माझी रिकामी विडी कानावर खोचली आणि दिवसभर तशाच फिरल्या. मग एकीने विचारले, भोकाच्या पानाचे तुम्ही काय करता? मी म्हटले, टाकून देतो. आई काय म्हणायची ते मात्र मी सांगितले नाही.

रात्री अंगणात बाजा टाकल्या होत्या. हे बऱ्याच वेळाने म्हणाले, "तेवीस वर्षांत तू मला हे कधी दाखवलं नाहीस." मी म्हटले, "दाखवायचं नाही अशीच अट होती." हे गप्प राहिले. ऐकू आले नसेल असे समजून मी कूस वळवली. तर थोड्या वेळाने म्हणाले, "अट माझ्या वडिलांची होती. मला कुणी विचारलं नव्हतं." एवढेच झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना ह्यांनी माझी टोपी, म्हणजे ते शिरस्त्राण, तेही पुसून ठेवले होते. आधी कधी पुसले नव्हते.

आता वाघ. राष्ट्रीय उद्यानात आपली फटफटी नेता येत नाही. ती दाराशी ठेवून त्यांच्या जिप्सीत बसावे लागते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने. पुढे शेजारचे अंधारी अभयारण्य मिळवून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प करण्यात आला. मंगळवारी बंद असते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आमचा एक दिवस त्यातच गेला, आणि तो दिवस पुडे बांधण्यात गेला म्हणून बरेच झाले. आमच्या गाडीत वाट दाखवणारी एक मुलगी होती, खाकी कपड्यातली, विशीतली. मी सोलापूरची म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे नान्नजचे माळढोक तुमचेच!" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नान्नज आपल्यापासून बार्शीच्या रस्त्याने अर्ध्या तासावर. १९७९ साली ते अभयारण्य झाले, आणि मी एकदाही गेलेले नाही. आता तर माळढोक तिथे जवळजवळ उरलेलाच नाही म्हणतात. त्या मुलीला मी हे सांगितले नाही, तिलाच जास्त माहीत असणार.

पाणवठ्यावर वाघीण पाण्यात बसली होती. मागचे अंग पाण्यात, तोंड बाहेर. उन्हाने त्रासलेली म्हैस बसते अगदी तशी. कुणी बोलले नाही. मला भीती वाटली नाही. पण सकाळी बांधावर जिथे मी पान तोडले तिथून हिचे रान किती लांब असेल, हा विचार सारखा येत होता. आतल्या उद्यानात पाने तोडू देत नाहीत, बाहेरच्या रानात तोडतात, पण वाघाला ती हद्द कोण समजावणार?

तळ्याकाठी देवाचे ठाणे दाखवले. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याला लोक देव मानू लागले, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरून पडले असे सांगतात. मी ह्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हटले, "बघा, मी विचारलं होतं ना, कुठला देव!"

तिथून पुढे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा असे करीत नवेगाव बांधला गेलो. तेही राष्ट्रीय उद्यान, १९७५ सालचे. हा रस्ता मला सगळ्यांत आवडला. दोन्ही अंगाला रान, मोहाच्या झाडांना नवी पालवी, मधूनच एखाद्या गावाबाहेर पुड्यांच्या रांगाच रांगा वाळत घातलेल्या. आता मला त्या ओळखता येत होत्या. सिंदेवाहीला चहा प्यायलो. हॉटेलातल्या बाईंनी आम्हांला बसायला खाट दिली. नवेगावचा तलाव पाहून आपला कंबर तलाव म्हणजे न्हाणीघर वाटेल. कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी तो बांधला असे सांगतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले, परदेशी पाखरे निघून गेलेली, तरी संध्याकाळी काठावर बसले की उठवत नाही. ह्यांनीच सांगितले, आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. २००६ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरले तेव्हा ते अध्यक्ष होते. आम्ही दोघे लांबून मांडव पाहून आलो होतो, आत गेलो नव्हतो. आपल्या गावच्या माणसाने ह्या रानांत जन्म काढला आणि आपण त्यांना मांडवाबाहेरून पाहिले! १८ जून २०२५ रोजी ते आपल्या सोलापुरातच वारले.

त्या तलावाच्या काठी हे बराच वेळ मान कलती करून बसले होते. मी विचारले, काय झाले? म्हणाले, "इथं एवढी शांतता आहे, पण माझ्या कानात माग चालूच आहेत."

परतीचे फार सांगत नाही. भंडारा, नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, आणि आलो तोच रस्ता. माझ्या पाठीचे काय झाले ते विचारू नका. बारा दिवसांत वीस हजारांतले सातशे रुपये उरले, त्यांचे पेढे सासूबाईंच्या हातून मंडळात वाटले ते तुम्ही खाल्ले आहेत.

निघताना ताडोब्याच्या ताईंनी मला तेंदूची फळे बांधून दिली होती. पिवळी, लिंबाएवढी, आत गोड गर. ह्या झाडाला आपल्या मराठीत टेंभुर्णी म्हणतात. त्या नावाचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, पुण्याच्या रस्त्यावर. आणि मी सहा वर्षे त्याच झाडाची पाने कापत होते, मला नाव माहीत नव्हते! बारा फळांपैकी उन्हातून तीन टिकली. ती घेऊन मी आईकडे गेले. आई कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत, आपण विडी घरकुल म्हणतो तिथे, भावाजवळ असते. २००६ साली विडी कामगार बायकांना ती घरे मिळाली. आता तिला खोकल्यामुळे काम होत नाही, पण सूप अजून खाटेखाली आहे. तिने फळ खाल्ले, बी चोखून पदराला बांधली. मी तिला पहाटे साडेतीनचे सांगितले, सत्तर पानांच्या पुड्याचे सांगितले, वाघाचे सांगितले. ती म्हणाली, "बायकाच तोडतात?" मी म्हटले, "बायका, पोरं, सगळेच." मग ती काही बोलली नाही. हात झडण्याचे पुन्हा कधी तिच्या तोंडून ऐकले नाही.

मे २०२५ मध्ये, म्हणजे आमच्या प्रवासाला वर्ष झाले तेव्हा, वर्तमानपत्रात बातमी आली. सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मी त्या दिवशी आईकडेच होते. आईला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "तू राहिली होतीस ते गाव का?" मी म्हटले, "नाही. पण त्या वाटेने आम्ही गेलो होतो. तिथे चहा प्यायलो."

ती बराच वेळ खाटेवर बसून राहिली. मग म्हणाली, "सकाळची वेळ, म्हणजे पुडे बांधायचे राहिले असतील. तोडलेली पानं फडक्यातच असतील. ती कुणी उचलून आणली असतील का गं?"

मी म्हटले, "मला ठाऊक नाही, आई."